स्वतःच्या जागेत नेमबाजीची रेंज : काम घेण्यापूर्वी काय पाहावे

नगर जिल्ह्यात 'रेंज' म्हटले की माणसाला पहिल्यांदा खारे-कर्जुन्याची के. के. रेंज आठवते. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांच्या माळावर पसरलेली ही लष्कराची सरावभूमी. तेथे रणगाडे गोळे डागतात, आणि सरावाच्या दिवसांत परिसरातील लोकांना आपल्याच शिवारात जाण्यास मज्जाव होतो. अशा सरावासाठी १९३८ सालचा स्वतंत्र कायदा आहे. सरकारने अधिसूचना काढून क्षेत्र जाहीर करायचे, लोकांना काही काळ बाहेर ठेवायचे आणि पिकाचे वा मालमत्तेचे नुकसान झाले तर भरपाई द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे एखादा बागाईतदार किंवा व्यापारी 'मला माझ्या जागेत रेंज बांधायची आहे' असे म्हणाला, तर ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात.

वास्तविक हे दुसरेच काम आहे, आणि ते आपल्या गवंडी, फॅब्रिकेटर, सुतार आणि वायरमन बंधूंच्या हातचे आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ सालच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी २०२२ साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला होता. मुलगा वा मुलगी या खेळात पडली की रोज सराव लागतो. रोज पुण्याला बालेवाडीला जाणे नगरच्या माणसाला परवडणारे नाही. मग घरच्या मोकळ्या गोदामाकडे, रिकाम्या कांदा चाळीकडे नजर जाते. असे काम सांगायला कोणी आले तर ते कसे घ्यावे, कोणते घ्यावे आणि कोणते घेऊ नये, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पहिला प्रश्न : बंदूक कोणती?

काम सांगणाऱ्याला जागा किती हे विचारण्याआधी बंदूक कोणती हे विचारावे. सगळा हिशेब त्यावर ठरतो.

स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा शिशाचा, साडेचार मिलिमीटर जाडीचा आणि साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने सुटतो. त्याच्यात आठ ज्यूलच्या आसपास जोर असतो. मोकळ्या माळावर वर तोंड करून सोडला तर तो दोन-अडीचशे मीटर जाऊन पडेल. पण चार भिंतींच्या आत, नीट बांधलेल्या सापळ्यात तो जागच्या जागी थांबतो. याउलट पॉइंट टू-टू ही सर्वांत लहान समजली जाणारी खरी बंदूक घेतली, तरी तिची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. मोठ्या रायफलीची गोळी तीन-चार किलोमीटर जाते. आपल्याकडे एका शेतकऱ्याचा सलग तुकडा कितीसा असतो? दोन एकर, चार एकर. चौरस तुकडा धरला तर चार एकरांची बाजू जेमतेम १२७ मीटर भरते. म्हणजे गोळी बांध ओलांडून दहा-बारा शेते पलीकडे, एखाद्या वस्तीवर जाऊन पडायची. तिला अडवायला मातीचा उंच भराव, आडव्या भिंती, वरचे अडथळे असे सगळे लागते, आणि ते तज्ज्ञाच्या आराखड्याशिवाय बांधता येत नाही.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. दहा मीटरची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल यांची बंदिस्त रेंज असेल तर काम घ्यावे. 'मागे एक ढिगारा मारून द्या, बाकी मी पाहतो' असे म्हणणाऱ्याचे काम, तो कितीही ओळखीचा असला आणि रक्कम कितीही मोठी सांगत असला, तरी घेऊ नये.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे आणि त्याखालील सध्याचे नियम २०१६ सालचे आहेत. या नियमांनुसार ज्या एअर गनची नळी साडेचार मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनपेक्षा मोठी नाही आणि जिचा जोर २० ज्यूलच्या आत आहे, ती बाळगायला शस्त्र परवाना लागत नाही. यापैकी एकही मर्यादा ओलांडली की परवाना आला. खऱ्या बंदुकांची रेंज किंवा रायफल क्लब चालवायचा तर त्यासाठीही वेगळा परवाना घ्यावा लागतो. आपल्या जिल्ह्यात शस्त्र परवान्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जमीन माझी, सातबारा माझ्या नावावर, मग मी काहीही करीन, असे या बाबतीत चालत नाही.

कारागिरांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. लेथवर काम करणाऱ्या बंधूंनी ती नीट लक्षात ठेवावी. रेंज बांधणे वेगळे आणि बंदुकीला हात लावणे वेगळे. बंदूक वा तिचा भाग बनवणे, दुरुस्त करणे, नळी आखूड करणे, खेळण्यातल्या किंवा नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे, या सर्वाला परवाना लागतो. विनापरवाना बनवण्याच्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. 'उस्ताद, एवढी स्प्रिंग जरा कडक करून द्या, छर्रा लांब जाईना' अशी विनंती साधी वाटते. स्प्रिंग कडक केल्याने जोर २० ज्यूलच्या वर गेला, तर ती बिनपरवान्याची चीज राहत नाही. अशा गिऱ्हाइकाला बंदूक घेऊन कंपनीच्या दुकानात जायला सांगावे. तुमचे हुन्नर सापळ्यात दाखवा, बंदुकीत नको.

याच दुरुस्तीने लग्नात-वरातीत आनंदाच्या भरात परवान्याची बंदूक उडवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हाही गुन्हा ठरला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि एअर गनने पाखरे, ससे मारणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याचा मामला आहे. रेंज बांधली म्हणजे शिकारीची मोकळीक मिळाली, असा समज कोणाचा असेल तर त्याने तो काढून टाकावा.

शेतजमिनीवर नवे बांधकाम करायचे असेल तर बिगरशेती वापराबाबत तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे. हे नियम अलीकडे बदलत आले आहेत. आहे त्याच घरात वा गोदामात रेंज होत असेल तर उत्तम. परवाना लागत नसला तरी मालकाने ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला एक साधे पत्र देऊन पोच घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. पत्रात जागा, एअर रायफलचा प्रकार आणि कोण सराव करणार एवढे लिहावे. बंदुकीच्या खरेदीचे बिल जपून ठेवावे. गावात बंदुकीचे नाव निघाले की अफवेला पाय फुटायला वेळ लागत नाही, आणि अफवा मालकाच्या दारी येते तशी काम करणाऱ्याच्याही दारी येते. पोच पाहिल्याशिवाय पहिली वीट लावू नये.

माप : इथे फुटाचा टेप चालत नाही

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात उभे राहण्याच्या रेषेपासून निशाणाच्या कागदापर्यंत अंतर १० मीटर आहे. त्यात मागेपुढे पाच सेंटिमीटरची सूट आहे. आपल्याकडे गवंडी लगेच 'म्हणजे ३३ फूट' म्हणून मोकळा होतो. ३३ फूट म्हणजे १० मीटर आणि वर जवळजवळ सहा सेंटिमीटर. सूट पाचचीच आहे. म्हणजे 'ढोबळ मानाने ३३' धरणारा पहिल्याच पायरीला नापास झाला. मीटरचा स्टीलचा टेप घ्यावा. अंतर मोजायचे ते रेषेच्या नेमबाजाकडील कडेपासून कागदाच्या दर्शनी बाजूपर्यंत, मागच्या भिंतीपर्यंत नव्हे.

निशाणाच्या मध्याची उंची १.४० मीटर, म्हणजे सुमारे चार फूट सात इंच. यातही सूट पाच सेंटिमीटर वर वा खाली. ही उंची नेमबाज जिथे उभा राहतो तिथल्या जमिनीच्या पातळीवरून धरायची असते. चूक नेमकी येथे होते. गोदामाच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो. शंभराला एक ढाळ असेल तर दहा मीटरला दहा सेंटिमीटर फरक पडला. निशाणाजवळच्या फरशीवरून चार फूट सात इंच मोजून खिळा ठोकला तर सगळे खाली-वर होणार. म्हणून पाण्याची लेव्हल नळी लावून उभे राहण्याच्या जागेची पातळी समोरच्या भिंतीवर न्यावी, तेथे सूत मारावे आणि मग त्या सुतावरून उंची घ्यावी. काटकोन तीन-चार-पाचच्या जुन्या रीतीने काढावा.

एवढ्या बारकाईचे कारण असे की एअर रायफलच्या कागदावरील दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. संपूर्ण दहा वर्तुळांचे निशाण साडेपंचेचाळीस मिलिमीटरचे, म्हणजे चहाच्या लहान कपाच्या तोंडापेक्षाही कमी. मुलगा घरी चुकीच्या अंतरावर वर्षभर शिकला तर त्याचे शरीर त्याच अंतराला सरावते, आणि स्पर्धेच्या दिवशी ते त्याला नडते.

लांबी एकूण १४ मीटर, म्हणजे ४६ फूट असावी. त्यात पुढे सापळा आणि पडद्याला एक मीटर, मागे नेमबाजाला वावरायला व प्रशिक्षकाला बसायला तीन मीटर. एका नेमबाजाला किमान एक मीटर रुंदी लागते. दोघांसाठी दहा फूट रुंद जागा पुष्कळ झाली.

उभे राहण्याच्या जागेची जमीन हा खर्च वाचवण्याचा भाग नव्हे. अभिनव बिंद्रा यांना त्यांच्या वडिलांनी चंदीगडजवळ घरच्या जागेतच रेंज बांधून दिली होती. भारतात खासगी रेंजचे याहून मोठे उदाहरण नाही. २००४ साली अथेन्सच्या अंतिम फेरीत ते सातवे आले. आपल्या पायाखालची फरशी हलत होती, हे त्यांच्या नंतर लक्षात आले. तेव्हा घरी त्यांनी मुद्दाम हलत्या पायावर उभे राहण्याचाही सराव केला. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगला त्यांनी भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. आपल्या गवंड्याने यातून घ्यायचे ते एवढेच की ठोकळ्यावर बसवलेली, खाली पोकळ राहिलेली शहाबादी फरशी येथे चालणार नाही. मुरूम धुम्मस करून नीट बसवावा, त्यावर खडीचा थर आणि वर सपाट कोबा करावा. उभे राहण्याच्या दीड मीटर पट्टीत ढाळ शून्य. शेजारून पिठाची गिरणी किंवा पंपाची मोटर हादरे देत असेल तर ती जागाच टाळावी.

सापळा आणि मागची भिंत

फॅब्रिकेटरचे खरे काम हे आहे, आणि मालकाला याची किंमत कळत नाही. तो लाखाची रायफल आणेल आणि सापळ्याच्या पत्र्यावर घासाघीस करील.

छर्रा पत्र्यावर सरळ काटकोनात आपटला तर तो फुटतो आणि त्याचे कण मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतात. म्हणून तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट पंचेचाळीस अंशांत तिरपी बसवावी. वरची कड नेमबाजाकडे झुकलेली आणि खालची आत गेलेली. छर्रा तिच्यावर आपटून खाली वळतो आणि तळाच्या ट्रेमध्ये पडतो. पेटीच्या दोन्ही बाजू व छतही त्याच जाडीचे ठेवावे. वेल्डिंगचा गोळा किंवा स्क्रूचे डोके समोरच्या बाजूला येता कामा नये, कारण त्यावर आपटलेला छर्रा कोणत्या दिशेने जाईल सांगता येत नाही. सगळे सांधे मागून घ्यावेत. ट्रे हाताने बाहेर ओढता यावा. हा सापळा शिशाच्या छर्‍यांसाठी आहे. बाजारात मिळणाऱ्या पोलादी गोळ्या यात मारू नयेत, त्या चेंडूसारख्या परत येतात. तशी पाटी सापळ्यावरच रंगवून द्यावी.

सगळे छर्रे पेटीत जातील असे धरून चालू नये. शिकणाऱ्या पोराचा एखादा छर्रा बाहेर जाणारच. म्हणून पेटीच्या मागे, भिंतीपासून वीतभर पुढे, जाड सतरंजी किंवा कॅनव्हास दुहेरी करून सैल टांगावा. ताणून बांधू नये. सैल कापड छर्‍याचा जोर पिऊन टाकते, ताणलेले कापड फाटते. त्याच्या मागे नऊ इंची विटांची किंवा आपल्याकडच्या काळ्या दगडाची भिंत हवी. समोरच्या टोकाला नुसता पत्र्याचा आडोसा आम्ही कधीही मान्य करणार नाही.

नेमबाजाच्या पुढे, बाजूला किंवा समोर, एकही दार वा उघडी खिडकी नको. आत येण्याचे दार एकच आणि तेही नेमबाजाच्या पाठीमागे. जुन्या गोदामाला समोरून दार असेल तर ते विटांनी बुजवावे. कुलूप लावून भागत नाही, कारण किल्ली घरातल्या कोणाकडे तरी असते आणि चेंडू आणायला मूल त्याच दाराने येते. छातीत धडकी भरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आठ ज्यूलचा छर्रा डोळा घेतो.

उजेड, छप्पर आणि बाकीची कामे

वायरमनसाठी दोन आकडे : खोलीत सर्वत्र किमान ३०० लक्स आणि निशाणावर किमान १५०० लक्स उजेड. निशाणाचा दिवा पुढे आडोसा करून असा लावावा की तो कागदावर पडेल, नेमबाजाच्या डोळ्यांत जाणार नाही. स्वस्त एलईडी पट्ट्या बारीक लुकलुकतात. तासभर टक लावून पाहणाऱ्याला त्यांचा त्रास होतो, तेव्हा चांगला ड्रायव्हर असलेला दिवा घ्यावा. नगरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली जाड जाकीट घालून माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून पत्र्याखाली छत करून मध्ये हवा खेळती ठेवावी. पंख्याचा वारा नेमबाजावर नको, मागून बाहेर फेकणारा पंखा बरा.

सुताराला ७० ते ८० सेंटिमीटर उंचीचे, न डुगडुगणारे टेबल करायचे आहे. कागद पुढे-मागे नेण्यासाठी तारेवर चालणारी लहान गाडी, दोन पुल्या आणि हाताने फिरवायची चक्री, हे सायकल दुरुस्ती करणारासुद्धा सुंदर बनवू शकेल. मोटर बसवायची तर नंतर बसवता येते. छापखान्यांनीही इकडे लक्ष द्यावे. सरावाचे कागद सतत लागतात. पण कागद साधा चालत नाही. छर्‍याचे भोक गोल, स्वच्छ पडले पाहिजे, आणि काळी शाई चमकता कामा नये. नमुना आणून, छर्रा मारून पाहिल्याखेरीज हजार प्रती छापू नयेत. नेमबाजीच्या जाकिटाचे काम शिंपी व चामडे कारागिरांना खुणावणारे आहे, पण स्पर्धेत त्याची जाडी यंत्राने मोजतात. एका थराला अडीच मिलिमीटरची मर्यादा आहे. सरावाच्या जाकिटापासून सुरुवात करावी.

शिशाचा हिशेब

रोज १०० छर्रे आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३०,००० छर्रे होतात, म्हणजे जवळजवळ १६ किलो शिसे. हे शिसे भंगारात विकले जाते, त्याला मोल आहे. मात्र त्याची धूळ विषारी आहे, आणि लहान मुलांना ती सर्वांत जास्त बाधते. रेंजमध्ये कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. तेथे खाणेपिणे नको. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय घासाला हात लावू नये. त्यासाठी दाराजवळ नळ आणि बेसिन हवे, ते प्लंबरने सुरुवातीलाच कामात धरावे. ट्रेमधील शिसे झाकणाच्या डब्यात साठवावे, घरच्या चुलीवर वितळवायला जाऊ नये.

भंगाराचा विषय निघाला म्हणून भंगारवाल्या बंधूंना एक वेगळी गोष्ट सांगतो. घरच्या रेंजचे शिसे खुशाल घ्या. पण लष्करी रेंजच्या बाजूचा गोळ्याचा तुकडा, पितळी टोपी किंवा बंद दिसणारे काहीही कोणी आणले, तर भाव विचारू नका, हात लावू नका, पोलिसांना कळवा. न फुटलेले गोळे भंगार म्हणून हाताळताना माणसांचे जीव गेले आहेत. छिन्नी-हातोडा मारणारा बहुधा रोजंदारीवरचा पोरगा असतो, ज्याने आणले तो लांब असतो.

कोटेशन कसे द्यावे

भाव आम्ही देत नाही, लोखंडाचा दर महिन्या-महिन्याला हलतो. पण कोटेशन एकठोक देऊ नये. जमीन, भिंत, सापळा, वीज आणि लाकूडकाम यांचे आकडे वेगळे दाखवावेत, म्हणजे मालकाने पैसे कमी करायला सांगितले तर तो टेबल साधे करील, भिंत पातळ करणार नाही. 'ही रेंज साडेचार मिलिमीटर नळीच्या, २० ज्यूलच्या आतील एअर गनसाठी व शिशाच्या छर्‍यांसाठी बांधली आहे' हे वाक्य कोटेशनवर आणि बिलावर दोन्हीकडे लिहावे व मालकाची सही घ्यावी. उद्या त्याने तेथे दुसरे काही चालवले, तर तुमच्याकडे लेखी पुरावा राहील.

काम सोपवण्याच्या दिवशी मालक आणि त्याच्या प्रशिक्षकासमोर टेपने अंतर, लेव्हल नळीने उंची आणि लक्समीटरने उजेड मोजून दाखवावा. हे तिन्ही आकडे बिलाच्या मागे लिहावेत. मग प्रशिक्षकाकडून दहा-वीस छर्रे सापळ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत मारून घ्यावेत. सर्वांनी चष्मे लावून मागे उभे राहावे. नंतर ट्रे ओढून छर्रे मोजावेत. वीस मारले आणि सतराच निघाले, तर उरलेले तीन कुठे गेले ते सापडेपर्यंत हिशेब पुरा करू नये.